कंसातलं नाव

दिवाळी अंकासाठी मला नोकरीतल्या आठवणी लिहायच्या आहेत, असं मी जेवताना सांगितलं तेव्हा आमच्या ह्यांना ठसकाच लागला. हे वनखात्यातून निवृत्त झालेले. अर्धी नोकरी बैहरच्या जंगलात गेली. अस्वलानं झाडावर चढवून ठेवल्याची त्यांची गोष्ट आमच्या सगळ्या पाहुण्यांना तोंडपाठ आहे.

"मी वाघ पाह्यले, अस्वल पाह्यलं, मले कोणी लिहा म्हणलं नाई," पाणी पिऊन ते म्हणाले. "आन तू काय लिहिणार? स्वल्पविरामावर?"

हौ, स्वल्पविरामावरच. ज्यानं त्यानं आपापलं जंगल पाहिलेलं असतं.

मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका नर्सिंग कॉलेजात ग्रंथपाल होते. पुस्तकं देणं-घेणं हा त्यातला सोपा भाग. खरी कसोटी लागायची ती एम.एस्सी.च्या मुलींचे प्रबंध जमा करायची वेळ आली की. तेव्हा प्रत्येकीच्या हातात एक गठ्ठा असायचा, चेहऱ्यावर रडू असायचं आणि तोंडात एकच वाक्य: "मॅडम, बस रेफरन्स देख लो ना."

बाहेरच्या माणसाला हे काम काय ते सांगते. नर्सिंगच्या लेखनात मनाला आलं ते लिहिता येत नाही. "अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी" असं लिहिलं, की लगेच विचारतात, हे कोणी सांगितलं? कुठे छापलंय? ते त्या वाक्याला जोडून दाखवायचं आणि शेवटच्या यादीत त्याचा पूर्ण पत्ता द्यायचा. लेखकाचं नाव, लेखाचं नाव, अंक, साल, पान. मी मुलींना विरजणाचं उदाहरण द्यायची. दही तुझ्याच घरी लागलं, दूधही तुझंच, पण विरजण शेजारणीकडून आणलं असेल तर तिचं नाव सांगायला लाज कसली? आणि उद्या दही आंबट निघालं तर कोणाकडे जायचं, तेही कळायला हवं.

हा पत्ता लिहायच्या पद्धती दोन. एकीत लेखात नुसता आकडा टाकायचा आणि मागे त्या आकड्यापुढे पत्ता लिहायचा. दुसरीत लेखातच नाव आणि साल लिहायचं. कुठलीही घ्या, पण एकच घ्या. आमच्या मुली अर्ध्या प्रबंधात एक पाळायच्या आणि लग्न ठरलं की दुसरी. मग मी लाल पेन घेऊन बसायची. नावानंतर टिंब आहे का, सालानंतर अर्धविराम आहे का, अंकाचा आकडा कंसात आहे का. मुलींनी माझं नाव 'कॉमा मॅडम' पाडलं होतं. मला ते पहिल्या वर्षीच कळलं आणि मनातून आवडलं, पण तसं दाखवलं नाही.

नमुने तर असे भेटले की विचारू नका. पद्धतीप्रमाणे लेखकाचं आडनाव आधी लिहून नावाचं फक्त पहिलं अक्षर द्यायचं असतं. आता आपल्याकडच्या कुमारी, देवी, बाई यांचं काय करायचं? एका यादीत मला ओळीनं 'बाई एस., बाई पी., बाई के.' अशा तिघी बसलेल्या सापडल्या. विचारलं तर मुलगी म्हणाली, "मॅडम, तीनों बहनें होंगी." दुसरीनं लेखकाच्या जागी 'गूगल' असं लिहून त्याचं गाव विचारलं होतं. तिसरीनं सीनियरच्या प्रबंधातून यादी जशीच्या तशी उचलली, ती इतकी जशीच्या तशी की 'ही वेबसाइट अमुक दिवशी पाहिली' ही तारीखसुद्धा सीनियरचीच राहिली. मी तिला म्हटलं, "बाळ, त्या साली तू आठवीत होतीस. इतकी अभ्यासू होतीस?" ती हसली, मग रडली, मग पोहे खायला घेऊन गेले तिला.

हल्ली मोबाइलमधल्या त्या हुशार यंत्राला विचारलं की ते यादी करून देतं. निवृत्तीच्या थोडं आधी अशी पहिली यादी माझ्याकडे आली. टिंबं जागच्या जागी, अर्धविराम चोख, कंस देखणे. मला भरूनच आलं. मग शंका आली, की आपल्याकडची यादी इतकी स्वच्छ कशी? शोधायला बसले. मासिक खरं होतं, साल खरं होतं, पण त्या पानावर भलताच लेख, आणि आमच्या यादीतल्या लेखकानं तर जन्मच घेतला नव्हता. मी त्या मुलीला बोलावून सांगितलं, "पत्रिका फार सुंदर छापलीस गं. फक्त नवरदेव नाहीये." आता बहुतेक मुली शेल्फापर्यंत येतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं. पुस्तक हातात धरून पान शोधताना शेजारच्या पानावर जे सापडायचं ते आता कोणाला सापडत नसेल.

पण मला सांगायची आहे ती सरिता मेश्रामची गोष्ट. तेव्हा मी निवृत्त झाले होते. तरी पोरी घरी यायच्याच, आणि हे दार उघडून आत आवाज द्यायचे, "कॉमा आली वं तुझी एक."

सरिता आमच्याच कॉलेजची. लालबर्राकडच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स आहे. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी कशी घ्यावी हे ती घरच्यांना शिकवते. अशा माणसाच्या पाठीला, कमरेला एकाच जागी दाब पडून जखमा होतात. त्या होऊ नयेत म्हणून दोन-दोन तासांनी कूस बदलायची. पुस्तकात हे एका ओळीत आहे. घरात मात्र ते जमत नाही. सून शेतात असते, मुलगा कामावर, घड्याळ कोण पाहणार? सरिताला एका गावात एक घर सापडलं होतं जिथे हे वर्षानुवर्षं बिनचूक चाललं होतं. त्या घरी घड्याळावर नव्हे, गावातल्या आवाजांवर कूस बदलायचे. सकाळी गुरं सुटली की डावी. शाळेची घंटा झाली की उजवी. राइस मिल सुरू झाली की पाठ. मग दुपारची सिवनीची बस, संध्याकाळी परतणारी गुरं, विहारातली वंदना. रात्री शेताला लाइन, म्हणजे वीज, आली की मोटर घरघरते, मुलगा ती पाहायला उठतो, तेव्हा जाता जाता आईला वळवून जातो. सरितानं ही युक्ती आणखी काही घरांत शिकवली आणि तिथेही ती चालली. त्यावर तिनं आपल्या आयुष्यातला पहिला शोधनिबंध लिहिला होता. एका नर्सिंगच्या मासिकाला तो पाठवायचा होता.

"मग अडलं कुठे?" मी विचारलं.

"लीलाम्मा मॅडम म्हणून राह्यल्या, हे आवाजाचं कोणी लिहिलं ते दाखव. नाईतं काप."

लीलाम्मा मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक. केरळच्या, पण बालाघाटात जन्म काढलेल्या. मी फोन केला तर त्या शांतपणे म्हणाल्या, "देखो, आपने ही सिखाया है. रेफरन्स नहीं तो लाइन नहीं."

माझंच अस्त्र माझ्यावर आलं. मी आठवडाभर शोधलं. घड्याळावर कूस बदलण्याबद्दल ढीगभर सापडलं, पण आवाजावर कुठेच काही नाही. सरिता हिरमुसली. "मॅडम, तेच काढलं तं पेपरात उरलं काय? दोन तास तं सगळ्यायलेच माहीत आहे."

आता, पद्धतीत यावर एक वाट आहे. जे छापलेलं नाही पण कोणीतरी तोंडी सांगितलंय, ते लेखातच कंसात लिहायचं: सांगणाऱ्याचं नाव, तोंडी माहिती, तारीख. शेवटच्या यादीत ते जात नाही. पण त्या माणसाची लेखी संमती लागते, आणि सांगितलं ते बरोबर लिहिलंय की नाही हे त्याला दाखवावं लागतं. इतक्या वर्षांत मी ही वाट मुलींना शिकवली, पण तिच्यावरून जायची वेळ कधी आली नव्हती.

"युक्ती कोणाची?" मी विचारलं.

"सुनेची. ममताची. तिनंच तं मले सांगतली."

मी म्हटलं, चल मग ममताकडे. ह्यांनी गाडी काढली. म्हणाले, "स्वल्पविराम आता जंगलात निघाला."

रामटेक्यांचं, म्हणजे ममताचं, घर गावाच्या टोकाला होतं. ममता गोठ्यातून हात धुऊन आली. आमचं म्हणणं ऐकून आधी घाबरलीच. "मॅडम, माझं नाव कायले लिहिता? काही केस-बिस तं नाई नं?" सरितानं समजावलं. तशी ती हसून म्हणाली, "पण मी कुठं काढलं ते? मले तं आमच्या मायनं सांगतलं." आणि तिनं आतल्या खाटेकडे बोट केलं.

खाटेवर देवकाबाई होत्या. कमरेखालचं अंग गेलेलं, पण डोळे आणि जीभ दोन्ही लखलखीत. माहेर तिरोड्याकडचं. त्यांनी आधी आमची नावंगावं, मुलंबाळं, कोणाचं कोणाशी नातं, सगळं विचारून घेतलं. मग सांगितलं, "मले भिंतीशिवाय दिसते काय? ऐकूच येते. ममता बिचारी कामात भुलून जाये. मंग मीच बोंबलो, गुरं सुटले वं, पालट मले. घंटा झाली वं, पालट मले. आता तिले बी सवय झाली."

"आणि रविवारी शाळा नसते तेव्हा?" मी विचारलं. खोड जाते का माझी?

"इतवारी पोट्टे घरीच रायतात. त्यायचा कल्ला सुरू झाला का समजाचं, घंटा झाली."

सरिता खाली मान घालून भराभरा लिहून घेत होती. मला मनापासून आनंद झाला होता. मूळ सापडलं होतं. सांगणारीची सांगणारी. आता संमती घेतली की काम फत्ते, अशा थाटात मी परतले, आणि लीलाम्मा मॅडमनी दुसऱ्याच दिवशी हवा काढली.

"वो तो पेशंट है," त्या म्हणाल्या. "पेशंट का नाम कभी नहीं लिखते."

त्यांचंही खरंच होतं. नर्सिंगमध्ये हा पहिला धडा. रुग्णाचं नाव कुठेही येता कामा नये. सरिताच्या निबंधात 'एक वृद्ध महिला' म्हणून जी होती ती देवकाबाईच. मध्ये दवाखान्यात राहावं लागलं तेव्हा तिला झालेल्या जखमा, घरी परतल्यावर त्या कशा भरल्या, पाठीचे आधीचे-नंतरचे फोटो, सगळं त्यात होतं. म्हणजे एक नियम म्हणतो, जिनं सांगितलं तिचं नाव लिही. दुसरा म्हणतो, जी आजारी आहे तिचं नाव झाक. आणि बाई तर एकच. मी नोकरीभर नियमांवर जगले, पण दोन नियम एकाच खाटेवर येऊन बसलेले पहिल्यांदा पाहिले.

सरितानं सुचवलं, नावच नको. 'एका कुटुंबानं सांगितलं' असं लिहू. फोटो राहतील, निबंध राहील, मासिकवाले खूश होतील. तिला ते फोटो प्राणाहून प्यारे होते. जखम भरल्याचा तो पुरावा होता आणि तिचा निबंध स्वीकारला जाण्याची आशा त्यांच्यावरच होती. ती लबाडी करत होती असं नाही. पण मला ते काही केल्या गिळवेना. जिनं विरजण दिलं तिलाच आपण 'कोणीतरी शेजारीण' करून टाकत होतो.

"आजींनाच विचारू," मी म्हटलं.

पुन्हा गेलो. सरितानं त्यांना सगळं नीट, काहीही न लपवता समजावलं. नाव लिहिलं तर तुमच्या दुखण्याबद्दल काही लिहिता येणार नाही, दुखणं लिहिलं तर नाव येणार नाही. फोटोही दाखवले. देवकाबाईंनी ते दूर धरून पाहिले.

"हे काय वं? माझी पाठ?"

"हौ आजी. जखम भरली ते दिसते त्यात."

"आन हे लोकायले दाखवसान? काहून? माझ्या मालकानं नाई पाह्यली अशी उजेडात!" ममता पदर तोंडाला लावून हसत सुटली. देवकाबाईंनी फोटो परत दिले. "हे काढा. नाव ठेवा. आजारी तं गावात लय जण आहेत. हे मी काढलं."

सरितानं फोटो हातात घेतले. तिच्या चेहऱ्यावर मला सगळा हिशेब दिसत होता. मग तिनं ते पिशवीत घातले आणि म्हणाली, "बरं आजी. नाव ठेवतो." त्या पोरीबद्दल तेव्हा मला जो अभिमान वाटला तो कुठल्याही चोख यादीबद्दल वाटला नव्हता.

मग मी संमतीपत्र वाचून दाखवलं. देवकाबाईंनी मिलचा आणि घंटेचा क्रम चुकला होता तो दुरुस्त करायला लावला. खाली कंसातला मजकूर होता: 'रामटेके डी., तोंडी माहिती'.

"डी कोण?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच. देवका म्हणून डी."

"धनराज बी तं डी च." धनराज म्हणजे त्यांचा मुलगा, मोटर पाहायला उठणारा. "लोक म्हणतीन धनराजनं काढलं. तो तं मी हाका मारल्याबिगर उठत बी नाई."

नावाचं एकच अक्षर द्यायचं, यासाठी मी पोरींना रडवलं होतं. त्या दिवशी मी माझ्या हातानं तो 'डी' खोडला आणि 'देवकाबाई रामटेके' असं लिहिलं. त्यांनी पडल्या पडल्या सही केली. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली, मोठ्या मोठ्या अक्षरांची.

लीलाम्मा मॅडमनी नवा मसुदा वाचला. देवकाबाईंच्या दुखण्याचा शब्दही आता त्यात नव्हता. इतर घरांचा अनुभव होता, नावांशिवाय. चष्मा पुसून त्या म्हणाल्या, "ठीक है. अब ये पेशंट नहीं, सोर्स है." आणि मार्गदर्शक म्हणून सही केली. मासिकाच्या संपादकांना वेगळं पत्र मी लिहिलं, की नियमात आद्याक्षर पुरतं हे मला ठाऊक आहे, नोकरीभर तेच शिकवत आले, पण या एका ठिकाणी कृपा करून पूर्ण नाव राहू द्या. कॉमा मॅडम सूट मागत होती!

निबंध एकदा परत आला. पुरावा कमी पडतो म्हणाले. आम्हाला ठाऊकच होतं तो कुठे गेला ते. सरितानं आणखी घरांत जाऊन नोंदी वाढवल्या, पुन्हा पाठवला, आणि आम्ही वाट पाहत बसलो. माझा मोबाइल वाजला की हे विचारायचे, "लागला का निकाल तुमच्या डी चा?" एके दिवशी सरिताचा फोन आला. ती नुसती ओरडत होती. त्यातून मला कळलं ते एवढंच, की छापून आलंय आणि नाव पूर्ण आहे.

अंक घेऊन आम्ही देवकाबाईंकडे गेलो. ममतानं अंक घेतला आणि थेट शेवटचं पान उघडलं, कारण सगळ्यांची नावं तिथे असतात हे तिनं आमच्याकडूनच ऐकलं होतं. बोट फिरवत फिरवत खालपर्यंत गेली. "इथं तं नाई, मॅडम."

मी मधलं पान काढून कंसावर बोट ठेवलं. देवकाबाईंनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं. मग अंक छातीवर ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"मोठ्या लोकायचे नावं मांगं, ओळीनं. आन मले मधातच कोंबलं?"

आता मात्र मला माझं काम नीट समजावून सांगणं भाग होतं. मी त्यांच्या खाटेच्या कडेला बसले. म्हटलं, "आजी, मागे ज्यांची नावं आहेत त्यांचं लिहिलेलं पुस्तकात आहे. कोणाला शंका आली तर तो लायब्ररीत जाऊन पाहू शकतो. तुमचं कुठल्याच पुस्तकात नाही. म्हणून ते मधे लिहितात. याचा अर्थ असा, की ज्याला विचारायचं असेल त्यानं इथे येऊन तुम्हालाच विचारावं."

देवकाबाईंनी अंक पुन्हा उचलून कंसावरून बोट फिरवलं. सरिताकडे पाहिलं, ममताकडे पाहिलं, मग आढ्याकडे.

"मंग येऊ द्या नं," त्या म्हणाल्या. "मी कुठं जाऊन राह्यली?"

आम्ही हसत होतो, डोळे पुसत होतो, तेवढ्यात रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. दुपारची, सिवनीची.

"झाली वं बस. पालटा मले."

ममता खांद्याकडून गेली, सरिता कमरेकडून. मी अंक उशाशी ठेवला आणि पायांना हात लावला.